दोनशे चाळीस खिळे

मी, काबदोल्ला तोकेनुली बैझानोव, वय ५२ वर्षे, शिक्षण आठवी, राहणार तास्ती-ओतकेल, नदीकडची गल्ली, घर क्रमांक ९, व्यवसाय गावच्या पाणीपुरवठ्याच्या पंपावर मेकॅनिक. जबाब लिहून घेणारे वरिष्ठ लेफ्टनंट मेइरम्बेक यांच्या मते व्यवसाय एवढा पुरे. माझ्या मते पुरे नाही, कारण पुढचे सगळे या हातांबद्दल आहे. म्हणून या हातांनी केलेल्या वस्तू आधी नोंदवून घ्याव्यात. पंपघराचा वाऱ्यावर फिरणारा पंखा, पाच पात्यांचा, २००४ पासून चालू. आरोग्य केंद्रातली शेगडी, जाड पत्र्याची. बर्फाला भोक पाडायची गिरमिटे, सतरा, सगळी मासेमारांकडे. बर्फावरच्या घसरगाड्या, नऊ. माझ्या बहिणीच्या सायकलचे मागचे कॅरियर, औषधांची पेटी न हलता बसेल असे. त्याच सायकलचे बर्फात चालवायचे खिळ्यांचे टायर, सहा जोड्या, अकरा हिवाळे. कबरीभोवतीचे लोखंडी कुंपण, वर चंद्रकोर, एक. हे या महिन्यात केले. अजून बसवलेले नाही, जमिनीतला बर्फ एप्रिलमध्ये सुटेल.

समक्ष विचारल्यावरून सांगतो की, माझी थोरली बहीण कुल्यान तोकेनकिझी, वय ५७, आमच्या गावच्या आरोग्य केंद्रात पस्तीस वर्षे आरोग्यसेविका होती. थोरल्या बहिणीला आम्ही अपके म्हणतो, पुढे मी तसेच म्हणेन. ११ जानेवारी रोजी एर्तिस नदीच्या बर्फावर सायकलवरून पडून ती वारली. १२ जानेवारीच्या पंचनाम्यात कारणाच्या रकान्यात "स्वतःच्या निष्काळजीपणामुळे तोल जाऊन" असे लिहिलेले आहे. हे शब्द काढावेत, एवढ्यासाठी मी आलो आहे. भरपाईसाठी आलेलो नाही.

लेफ्टनंट साहेब मला आदराने अगा, म्हणजे दादा, म्हणतात. ते म्हणाले, "अगा, बर्फावर माणूस पडतो. त्यात कुणाचा कमीपणा नाही. पाच ओळी सांगा, सही करा, शेवटची गाडी मिळेल तुम्हाला."

मी म्हणालो, "पाच ओळींत मावलं असतं तर फोनवर सांगितलं असतं. दोन टायर खांद्याला अडकवून पंच्याऐंशी किलोमीटर आलो नसतो."

साहेबांनी आणखी कागद घेतले.

आमचे गाव नदीच्या या काठाला, कामिस्ती वस्ती त्या काठाला. दोन्हीकडचे आजारी अपकेकडे. पुलावरून गेले तर शेहेचाळीस किलोमीटर, बर्फावरून एक किलोमीटर शंभर मीटर. डिसेंबरपासून मार्चपर्यंत अपके बर्फावरून सायकलने जात असे. आमच्याकडे वारा बर्फावर हिमाचा भुगा टिकू देत नाही, झाडून नेतो, खाली काचेसारखे उरते. साध्या टायरवर तिथे दहा पावलेही जाता येत नाही.

मी करतो तो टायर असा. जुना जाड नक्षीचा टायर घ्यायचा. आतून बाहेर एकशे शेहेचाळीस स्क्रू काढायचे, टोके सारख्या उंचीवर घासायची, आत जुन्या ट्यूबची पट्टी चिकटवायची, म्हणजे स्क्रूच्या डोक्याने ट्यूब फाटत नाही. वजन एक किलो आठशे सत्तर ग्रॅम. जड आहे, मान्य. आवाज करतो, तेही मान्य. पण बर्फावर तो टाके घातल्यासारखी ठिपक्यांची रेघ सोडतो. नदीवर टाक्यांच्या दोन रेघा दिसल्या की मासेमार म्हणत, सुईवाली बाई पलीकडे गेली. चार दिसल्या की परत आली. अकरा हिवाळ्यांत अपके एकदाही पडली नाही. ज्या बाईला निष्काळजी म्हटले आहे तिच्याबद्दल हे लिहून घ्यावे.

२७ सप्टेंबर रोजी अपकेच्या पस्तीस वर्षांचा सत्कार झाला. प्रमाणपत्र आणि विजेची किटली मिळाली. जिल्ह्याहून एक डॉक्टरबाई आल्या होत्या. दाराशी सायकल उभी होती, त्यावर जुने खिळ्यांचे टायर होते, कारण ते बसतात की नाही हे मी आदल्या दिवशी पाहिले होते. डॉक्टरबाई म्हणाल्या, "हे काय, रणगाडा आहे का?"

अपके म्हणाली, "माझ्या धाकट्याची करामत. कुत्र्यांना किलोमीटरभर आधी कळतं, सुई आली म्हणून. पोरं तर त्याहून आधी पळतात."

सगळे हसले. मी पायऱ्यांवर होतो, मला ऐकू आले. त्या संध्याकाळी मी फोनवर टायर शोधायला सुरुवात केली.

फिनलंडमधल्या एका दुकानाने लिहिले, तुमच्या देशात पाठवत नाही. एस्टोनियातल्या एकाने पाठवू म्हटले, पण टपालखर्च टायरपेक्षा जास्त सांगितला. तिसरे दुकान "पोलार-हाउस ३३". पानावर बर्फाचे जंगल, फिनलंडचा झेंडा, प्रत्येक टायरला दोनशे चाळीस कार्बाइडचे खिळे, वजन आठशे नव्वद ग्रॅम, टपाल मोफत. भाषा येत नाही म्हणून फोनच्या भाषांतरावरून मी विक्रेत्याला सतरा प्रश्न विचारले. खिळ्याचा व्यास किती, रबरात किती, बाहेर किती, उणे तीस अंशांत रबर कडक होते का. त्याने सतराही प्रश्नांची उत्तरे दिली. माणूस सतरा उत्तरे देतो म्हणजे त्याला माल माहीत आहे, असे मी धरले. २४ ऑक्टोबर रोजी संध्याकाळी सहा वाजता एकवीस हजार चारशे टेंगे भरले. पावती हजर करतो.

२९ डिसेंबर रोजी माल आला. पाकिटावर फिनलंडचा शिक्का नव्हता, दुसऱ्याच देशाचा होता. तेवढ्यावर मी परत पाठवायला हवा होता असे साहेब म्हणतात. मी म्हणतो, शिक्क्याने टायर चालत नाही. मी माल तपासला. खिळे मोजले, पहिल्यात दोनशे चाळीस, दुसऱ्यात दोनशे चाळीस. वजन नऊशे चौतीस ग्रॅम, म्हणजे चव्वेचाळीस जास्त, पण तेवढे चालते. व्हर्नियरने प्रत्येक दहावा खिळा मापला, रबराबाहेर एक पूर्णांक एक दशांश मिलिमीटर, सगळीकडे सारखा. इतके सारखे काम मला कधी जमलेले नाही. ते मी त्या दिवशी वहीत लिहिले आहे.

एक तपासणी मी केली नाही. कार्बाइड आहे की साधे लोखंड, हे ओळखायला कानस लागते. कार्बाइडवर कानस घसरते, लोखंडावर बसते. दोन सेकंदांचे काम. पंपघरात येणारा प्रत्येक बोल्ट मी तसा बघतो, दुकानदार समोर असला तरी बघतो, त्यावरून लोक मला हसतात. या टायरला कानस लावली नाही, कारण ती भेट होती. आई म्हणायची, द्यायच्या वस्तूवर हत्याराची खूण नसावी, खूण केली की ती वस्तू आपली राहते, दुसऱ्याची होत नाही. हे कारण जबाबात घालण्यासारखे नाही असे साहेब म्हणाले. मी म्हटले, दुसरे कारण नाही.

टायरबरोबर सूचनेचा कागद होता. नवे खिळे रबरात घट्ट बसावेत म्हणून पहिले चाळीस किलोमीटर कोरड्या, कडक रस्त्यावर सावकाश चालवा, असे त्यात होते. ही सूचना खरी आहे, चांगल्या टायरलाही ती असते, मी चार ठिकाणी वाचून खात्री केली. गावात कोरडा रस्ता कुठला. म्हणून २ जानेवारीला अपकेची सायकल, ब्रेक नीट करतो असे सांगून, पावाच्या गाडीत घालून पाव्लोदारला नेली. तिथे नदीकाठचा रस्ता डांबर दिसेपर्यंत झाडतात. त्यावर तीन दिवस मी स्वतः सायकल चालवली. उणे एकोणीस अंश होते.

एका म्हाताऱ्याने फिरता फिरता विचारले, "काय हो, डॉक्टरांनी सांगितलंय का?"

मी म्हणालो, "बहिणीसाठी घोडा तयार करतोय."

हे मी गमतीने म्हटले नाही. आमचे वडील घोडे राखत. घरातल्या बाईला नवा घोडा द्यायचा तर आधी पुरुषाने त्याच्यावर बसून त्याची खोड मोडायची, मग लगाम तिच्या हातात द्यायचा. वडिलांनी अपकेसाठी तसे केलेले मी पाहिले आहे. कागदावर चाळीस किलोमीटर होते, मी त्रेचाळीस केले. वरचे तीन माझ्याकडून.

४ जानेवारीला परत मापले. खिळे रबराबाहेर सहा दशांश मिलिमीटर होते. वहीत मी लिहिले, "खिळे बसले." वही हजर करतो, तारीख आणि अक्षर माझे.

८ जानेवारीला सायकल अपकेच्या दारात नेली. ती बाहेर आली, चाकाभोवती फिरली, वाकून बोटाने खिळे चाचपले. म्हणाली, "हे तुझे नाहीत."

मी म्हणालो, "नाहीत. परदेशी आहेत. अर्ध्या वजनाचे. कुत्र्यांना आता कळणार नाही."

"आणि माझे जुने कुठं आहेत?"

"कापले. स्क्रू डब्यात काढून ठेवलेत."

ती म्हणाली, "दोन दिवस तरी थांबायचं होतंस, काब्देश." मग लगेच हात पुढे केला. "बरं, माझी बायगाझी काढ." नवी वस्तू आली की ती पाहणाऱ्याने काहीतरी द्यायचे, त्याला बायगाझी म्हणतात. मी म्हणालो, "टायर मीच दिले, वर बायगाझीही मीच द्यायची?" ती म्हणाली, "टायर भावाने दिले. बायगाझी बघणाऱ्याने द्यायची. माझ्याकडे फुकट बघायला मी काय प्रदर्शन आहे?" माझ्या खिशात तीन चॉकलेटे होती, ती दिली.

८, ९ आणि १० जानेवारीला ती गावातल्या दाबलेल्या बर्फावर फिरली. तिथे कुठलाही टायर चालतो. ९ तारखेला मला म्हणाली, "पायांना कळतच नाही सायकल आहे की नाही." मला आनंद झाला. हेही लिहावे.

११ जानेवारीला सकाळी अकरा चाळीसला ती कामिस्तीला निघाली. तिथे सात दिवसांचे बाळ तपासायचे होते. बाळ ठणठणीत होते आणि आहे, हे मी नंतर जाऊन पाहिले. दुपारी सव्वातीनला गेन्नादी नावाचा मासेमार, ज्याच्याकडे माझे गिरमिट आहे, त्याने मला हाक मारायला माणूस पाठवला. अपके आपल्या काठापासून एकशे ऐंशी मीटरवर होती, डाव्या कुशीवर. उणे चोवीस. पेटी कॅरियरवरून हललेली नव्हती. दवाखान्याने परत दिलेल्या वस्तूंच्या यादीत पेटी, रक्तदाबाचे यंत्र, चष्मा, मोजे आणि चॉकलेटे दोन, असे आहे.

मार डोक्याच्या मागच्या बाजूला होता. डॉक्टरांनी सांगितले की लगेच नाही. लगेच नाही म्हणजे किती वेळाने, हे मी विचारले नाही. मारलेल्या हाकेचा आवाज काठापर्यंत येतो का, तेही कुणाला विचारलेले नाही. बाकी सगळे विचारले.

दुसऱ्या दिवशी पंचनामा करणारे जमादार काठावरूनच लिहीत राहिले. मी बर्फावर गेलो. काठापासून ती पडली तिथपर्यंत गुडघ्यांवर रांगत पाहिले. पहिल्या शंभर मीटरवर थोडा भुगा होता, त्यात चाकाचा माग होता, फक्त जातानाचा. पुढच्या ऐंशी मीटरवर नुसता बर्फ, त्यावर एकही ओरखडा नाही. फक्त ती पडली तिथे पेडल घासल्याची एक रेघ, एकवीस सेंटीमीटर. खिळ्यांच्या टायरने बर्फावर खूण सोडायलाच हवी. ज्या टायरला टाके घालता येत नाहीत त्यावर बसलेला माणूस निष्काळजी कसा, असे मी जमादारांना विचारले. "थंडी फार आहे हो, चला," एवढे म्हणाले.

मग मी मापले. पुढच्या चाकाचे खिळे रबराबाहेर दोन दशांश, कडा गोल झालेल्या. मग कानस लावली. बसली. हे आज मी साहेबांच्या टेबलावर, वर्तमानपत्र अंथरून, त्यांच्यासमोर करून दाखवले. लोखंडाचा चुरा पडला तो त्यांनी स्वतःच्या बोटाने पाहिला. कार्बाइडचा एक खिळा मी बाजारातून आणला होता, त्यावर कानस घसरली, तेही पाहिले.

साहेब म्हणाले, "म्हणजे ते मुळातच खोटे होते. आणि डांबरावर त्रेचाळीस किलोमीटर फिरवून जे काही होतं तेही..."

मी म्हणालो, "मी घासून संपवलं. तसंच लिहा. नवे असताना लोखंडानेही चार दिवस बर्फ धरला असता. सूचना पाळली म्हणून ते गेले."

साहेब म्हणाले, "अगा, असं लिहिलं तर निष्काळजीपणा तुमच्यावर येतो."

मी म्हणालो, "येऊ दे. तिच्यावरचा काढा."

साहेब म्हणाले, "कारण बदलता येतं. पण एकाचं काढून दुसऱ्याच्या नावावर टाकायचं, असा रकाना या कागदात नाही."

मी म्हणालो, "मग रकान्याच्या बाहेर लिहा." त्यांनी समासात लिहिले आहे, मी वाचले.

विक्रेत्याबद्दल. १५ जानेवारीला मी त्याला खिळ्यांचे फोटो आणि मापे पाठवली आणि लिहिले की हे टायर वापरणारी बाई वारली. त्याचे उत्तर आले, "प्रिय मित्रा, बर्फावर सावकाश चालवावे. माल आवडला असल्यास पाच तारे द्यावेत." मी तोच मजकूर शब्द बदलून आणखी दोनदा पाठवला, भाषांतर चुकले असेल म्हणून. तेच उत्तर आले. म्हणजे पहिली सतरा उत्तरे देणाराही माणूस होता की नव्हता, हे आता मला सांगता येत नाही. २० जानेवारीपासून ते पान उघडत नाही. साहेब म्हणतात, दुसऱ्या देशातला माणूस, खरे नाव नाही, पत्ता नाही, गुन्हा कुणावर दाखल करायचा. मला ते पटते. त्याच्याविरुद्ध माझी तक्रार आहे असे लिहावे, पण त्याच्यासाठी मी आलेलो नाही.

दोन्ही टायर, वही, पावती आणि कानस ठाण्यात जमा केली आहेत. कानस परत मिळाली नाही तरी चालेल.

वरील मजकूर साहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. मी तीन दुरुस्त्या सांगितल्या. वजन नऊशे त्रेचाळीस नव्हे, नऊशे चौतीस. "जुने निरुपयोगी टायर" यातला निरुपयोगी हा शब्द मी सांगितलेला नाही, तो खोडला. जिथे जिथे "मयत" लिहिले होते तिथे अपके घातले. आता सगळे मी सांगितले तसे आहे.

सही करण्याआधी साहेबांनी विचारले, काही राहिले का. एक राहिले आहे.

२४ ऑक्टोबर रोजी दुपारी दोन वाजता, मी फोनवर पैसे भरण्याच्या चार तास आधी, अपके माझ्या शेडमध्ये आली होती. म्हणाली, "काब्देश, माझ्या जोडीचं रबर तडकलंय. या हिवाळ्याला नवी कर."

मी म्हणालो, "तसे स्क्रू आता मिळत नाहीत."

"बाजारात पोत्याने पडलेत. मी कालच बघितले."

"हात दुखतात माझे."

तिने माझा हात घेतला, पेशंटचा घेते तसा, एकेक बोट दाबून पाहिले. म्हणाली, "काही दुखत नाहीत. रुसलायस. त्या डॉक्टरीणबाईपुढं मी हसले म्हणून ना? अरे, ती हसली म्हणून मी हसले. ती शहरात गेली परत. नदी मला ओलांडायची आहे, मला तुझेच हवेत."

मी पेचकसाने स्क्रू घट्ट करत राहिलो, तो आधीच घट्ट होता.

ती म्हणाली, "बहिणीचं काम म्हणून अंगावर येत असेल, तर गिऱ्हाइकाचं म्हणून कर. ही घे मजुरी, आगाऊ." तिने पाकिटातून नोटा काढल्या आणि कामाच्या टेबलावरच्या वाइसच्या लोखंडी जबड्यात उभ्या लावून ठेवल्या, वाऱ्याने उडू नयेत म्हणून.

मी त्या काढून तिच्या कोटाच्या खिशात परत घातल्या. वीस हजार टेंगे होते.